हिरवी चिठ्ठी आणि मेसवाल्या काकू

पत्र नागपूरच्या एका शिक्षिकेचं आहे. वय २९, बी.एड. झालेल्या. दिवसा खासगी शाळेत शिकवतात आणि संध्याकाळी साडेसात ते नऊ पूर्व नागपुरातल्या एका समाजभवनात मोठ्या माणसांचा दहावीचा वर्ग घेतात, तोही बिनपगारी. १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून बसणाऱ्यांचा) भरून परीक्षेला बसणारे अठरा जण आहेत. त्यात वॉचमन आहेत, मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या बाई आहेत, एमआयडीसीतले कामगार, कापड दुकानातला एक सेल्समन, एक गवंडी आणि धुणीभांडी करणाऱ्या तिघी आहेत. सगळ्यांत लहान २३ वर्षांचा, सगळ्यांत मोठे ५७ वर्षांचे.

जुलैत या बाई एका दिवसाच्या प्रशिक्षणाला गेल्या. तिथे सांगितलं गेलं की प्रत्येक माणसाची शिकण्याची शैली ठरलेली असते. कोणी डोळ्यांनी शिकतं, कोणी कानांनी, कोणी हातांनी. त्याप्रमाणे शिकवलं की निकाल सुधारतो. वीस प्रश्नांची प्रश्नावली भरून घेऊन त्यांनी वर्गाचे तीन गट केले आणि पिवळ्या, निळ्या, हिरव्या चिठ्ठ्या वाटल्या. पिवळ्यांना व्हिडिओ, निळ्यांना मोबाइलवर रेकॉर्ड केलेला धडा, हिरव्यांना कागद-कात्री. एकाच धड्याची तीन रूपं करता करता त्यांना रात्रीचा एक वाजू लागला. दोन महिन्यांनी घेतलेल्या चाचणीत गुण घसरले आणि अठरांतले अकराच उरले. हिरवी चिठ्ठी मिळालेल्या मेसवाल्या काकूंनी (वय ५२) फोनवर सांगितलं, "मॅडम, मी कागदं कापाले येत नाही जी. ते तं माहा नातू बी करते अंगणवाडीत."

त्यांचे प्रश्न तीन. गट चुकले असतील तर चाचणी पुन्हा घेऊ का? ही माणसं गृहपाठ करत नाहीत, दांड्या मारतात. यांना खरंच शिकायचंय का? आणि आईच्या वयाच्या बाईची चूक दाखवायची कशी?

ताई,

आधी चिठ्ठ्यांचं बोलू. त्या गोळा करा आणि कपाटात टाका. चाचणी पुन्हा घेऊ नका, याहून चांगली चाचणी शोधूही नका. तुम्ही निष्काळजीपणा केलात असं मी म्हणत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मीच एका प्रशिक्षणात अशी प्रश्नावली झेरॉक्स काढून वाटली होती आणि मोठ्या विश्वासानं वाटली होती. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या एकमेकींना विचारत होत्या, "तू कोणती गं? मी कानवाली!" राशिभविष्य वाचताना येते तशी मजा आली सगळ्यांना. आज वाटतं, तिथंच मला शंका यायला हवी होती.

या विचाराची सगळ्यांत गाजलेली मांडणी न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी १९९२ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर केली. पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि करून असे चार मार्ग त्यांनी सांगितले. माणसानं आपण कसे शिकतो याचा विचार करावा, एवढीच त्यामागची इच्छा होती. पण हे पीक पुढे फार फोफावलं. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजदाद केली, तेव्हा शिकण्याच्या शैलींची तब्बल ७१ प्रारूपं सापडली! २००८ मध्ये हॅरोल्ड पॅश्लर आणि आणखी तीन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सरळ प्रश्न विचारला. डोळ्यांनी शिकणाऱ्यांना डोळ्यांनी आणि कानांनी शिकणाऱ्यांना कानांनी शिकवलं, मग सगळ्यांची एकच परीक्षा घेतली, तर जुळवून शिकवलेल्यांना जास्त गुण मिळतात का? असं नीट तपासणारे प्रयोगच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले आणि त्यांतल्या काहींचे निष्कर्ष तर या विचाराच्या उलटच होते. वर्गात वापरावं एवढा पुरावा नाही, असं त्यांनी लिहून टाकलं.

मग हे इतकं खरं का वाटतं? कारण आवड खरी असते. एखाद्याला व्हिडिओ बघायला आवडतो, एखादीला गोष्ट ऐकायला. आवडलेलं सोपं वाटतं आणि सोपं वाटलं की समजलं असं वाटतं. पण आवडणं वेगळं आणि अंगात मुरणं वेगळं. तुमच्या पिवळ्या गटाला विचारून बघा, वर्तुळाच्या स्पर्शिकेचा व्हिडिओ बघताना सगळं कळत होतं ना? चाचणीत मात्र हात आखडला.

दुसरं असं की शिकवण्याची पद्धत माणूस बघून ठरत नाही, मुद्दा बघून ठरते. स्पर्शिका दिसायलाच हवी, ती नुसती ऐकून कुणालाही कळणार नाही. इंग्रजी शब्दाचा उच्चार कानावरच पडायला हवा. कंपास हातात धरल्याशिवाय भौमितिक रचना येत नाही, चिठ्ठी कोणत्याही रंगाची असो. आणि दहावीचा पेपर तर तिन्ही गटांना हातात पेन धरूनच लिहायचा आहे. ज्याला तुम्ही "तुम्ही ऐकून शिकणारे" म्हणालात, तो आता पुस्तक उघडताना म्हणेल, वाचणं आपलं काम नाही, मॅडमनीच सांगितलं. शाळा सुटताना या माणसांना एक शिक्का मिळालेलाच होता: डोकं नाही. तुम्ही फार प्रेमानं दिलात, पण हाही शिक्काच झाला.

याचा अर्थ पूर्वीसारखं फळ्यासमोर उभं राहून दीड तास बोला असा नाही. सगळ्यांना सारखं शिकवणं हेही त्या माणसांकडे न बघणंच. माणसामाणसांत फरक आहेत आणि ते बरेच मोठे आहेत. फक्त ते त्या वीस प्रश्नांत नाहीत.

ते कुठे आहेत हे मला एका फजितीतून कळलं. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ मध्ये सुरू झालं, त्यानंतरची चार-पाच वर्षं मी वस्त्यांमध्ये वर्ग घेत होते. प्रौढांना त्यांच्या अनुभवातून शिकवावं हे तेव्हा आमच्या डोक्यात पक्कं बसवलं गेलं होतं. आणि ते बरोबरच आहे. अमेरिकेतले प्रौढशिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स १९७० पासून हेच सांगत होते, आणि नागपूरहून दीड-दोन तासांवर वर्ध्याला १९३७ च्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण हा विचार मांडला तो लहान मुलांसाठी, पण मुळात विचार तोच. तर मी मोठ्या हौसेनं धुणीभांडी करणाऱ्या बायांसाठी गणितं रचली. एका घरी बारा ताटं, दुसऱ्या घरी नऊ, तर एकूण किती. एक बाई बराच वेळ पाटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, दिवसभर भांडेच घासतो मी. इथं बी भांडेच काय?"

मी गप्पच बसले. तिला भूगोल हवा होता. समुद्र केवढा असतो ते तिला बघायचं होतं. मी तिला तिच्याच मोरीत नेऊन बसवलं होतं.

म्हणून मेसवाल्या काकूंचं वाक्य मला लागलं. तुम्ही त्यांना हातांनी शिकणारी ठरवलंत ते कशावरून? दिवसभर हातानं काम करतात म्हणून प्रश्नावलीत त्यांनी तशा खुणा केल्या असतील. पण त्या संध्याकाळी साडेसातला साडी बदलून, वही-पेन घेऊन येत होत्या ते हात सोडून दुसरं काहीतरी वापरायला. कदाचित. मला तरी काय ठाऊक! तुम्हालाही ठाऊक नाही, आणि सगळी गोम इथंच आहे. आपण ओळखलं, पण विचारलं नाही.

तेव्हा पुढच्या दोन आठवड्यांत एकच काम करा. रोज एकाशी किंवा दोघींशी, वर्ग सुटल्यावर, दहा मिनिटं बोला. कागद पुढ्यात धरू नका, घरी जाऊन लिहा. दहावी कशाला हवी आहे? शाळा कोणत्या वर्षी सुटली, आणि गणितात शेवटचं नीट कळलेलं काय होतं? दिवसातला कोणता अर्धा तास खरंच तुमचा असतो? घरात मोबाइल कुणाच्या हातात असतो? आणि शेवटचा प्रश्न हळू विचारा: इथं येता हे घरी कुणाकुणाला माहीत आहे? माझ्या एका वर्गात एक बाई भजनाला जाते असं सांगून येत होती. तिला मी गृहपाठाची वही दिली असती तर ती कुठं ठेवणार होती?

उत्तरं ऐकलीत की तुमचे तीन गट आपोआप विरघळतील. कुणी बढतीसाठी आलेला असेल. त्याला पस्तीस गुण आणि प्रमाणपत्र हवंय, त्याच्यापुढे कवितेचं रसग्रहण लांबवू नका. कुणी नातवाच्या वहीत काय लिहिलंय ते वाचता यावं म्हणून आलेली असेल; तिला निकालाची घाई नाही. कुणाला शाळेनं एकदा हाकललं होतं, तो हिशोब चुकता करायचाय. या तिघांना एकाच वेगानं नेता येणार नाही. पुढच्या तुकडीला फॉर्म भरायच्या आधी हेही सांगा की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून पाच वर्षांच्या मुदतीत एकेक-दोनदोन विषय करत दहावी होता येतं. ज्यांचं काम-घर फार ताणलेलं आहे त्यांना तो रस्ता जास्त झेपतो. या वर्षी १७ नंबर भरलेल्यांचे दोन विषय राहिलेच, तर पुरवणी परीक्षा आहेच. सहाही विषय मार्चमध्येच सुटले पाहिजेत ही घाई कधी कधी आपलीच असते.

आता डोळे. हे वाचून तुम्हाला हसू येईल, पण माझ्या अनुभवात प्रौढांच्या वर्गातलं सगळ्यांत मोठं अपंगत्व म्हणजे चष्मा नसणं. आपल्या भाषेनं या चष्म्याचं नावच चाळिशी ठेवलंय. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं धूसर दिसायला लागतं. आठवी-नववीत शाळा सुटलेल्या माणसाला चाळिशी लागल्याचं कळतच नाही, कारण तोवर त्याला बारीक अक्षर वाचायची वेळच आलेली नसते. मग तो वही लांब धरतो, डोळे चोळतो आणि म्हणतो, "आता नाही होत या वयात." तुमच्या वर्गात चाळिशीपलीकडचे जितके असतील, त्यांना पाठ्यपुस्तकातली एक ओळ वाचायला सांगा आणि पुस्तक किती लांब धरतात तेवढं बघा. सीताबर्डीच्या फुटपाथवर तयार चष्मे स्वस्तात मिळतात, पण दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेलच असं नाही आणि मोतीबिंदू-काचबिंदू त्यानं कळत नाही. एखाद्या नेत्र तपासणी शिबिरात सगळ्यांना एकत्र नेऊन आणा. सहल समजा. आणि तुमच्या प्रिंटआउटचं अक्षर मोठं करा. तुम्ही २९ च्या आहात, तुम्हाला ते बारीक वाटतच नाही. समाजभवनात किती ट्यूबलाइट आहेत? एक बंद असेल तर ती आधी बदला. तीन रूपांतला धडा नंतर.

कानांचंही तेच. कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या प्रेस शॉपमध्ये दहा-वीस वर्षं काढलेल्या कामगाराचे कान हळूहळू जातात आणि आधी जातात ते उंच स्वर. मग स, श, थ, फ हे आवाज एकमेकांत मिसळतात. बोलणं ऐकू येतं, शब्द कळत नाहीत. तुमच्या निळ्या गटात असा कोणी असेल, तर बिचाऱ्याच्या कानाशी तुम्ही रोज रेकॉर्डिंग लावत होतात. त्याला पुढे बसवा, त्याच्याकडे तोंड करून बोला, फळ्याकडे वळून बोलू नका. मार्चपासून कूलर सुरू होतील तेव्हा तर आपल्या नागपुरात मागच्या रांगेतल्या कुणालाच काही ऐकू येत नाही. कूलर मागे नेऊन ठेवा आणि माणसं पुढे घ्या.

डोळे-कान तपासूनही कुणाची अक्षरं सारखी उलटीपालटी होत असतील, वाचताना ओळ सुटत असेल, तर त्याला तज्ज्ञाला दाखवायला हवं. ती खरी गरज आहे. तिला शैली म्हणून सोडून देऊ नका.

तुमचा दुसरा प्रश्न मला जरा टोचला. यांना खरंच शिकायचंय का? ताई, जे सात जण गळाले, ते कोणत्या दोन महिन्यांत? पोळा, तान्हा पोळा, मारबतीची मिरवणूक, गणपती, महालक्ष्म्या. मारबतीच्या दिवशी इतवारीत तुम्हीही गेला असाल. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत मेसवाल्या काकूंना चार घरच्या पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी असतील, आणि ते पैसे दिवाळीला लागतात. हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीतल्या कामगाराची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, म्हणजे एका आठवड्याआड तो येऊच शकत नाही. परत आला की वर्ग चार धडे पुढे गेलेला असतो. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा तो लाजेनं येत नाही. शाळेतलं मूल दांडी मारतं तेव्हा त्याला शाळा नको असते. मोठा माणूस गैरहजर राहतो तेव्हा बहुतेकदा त्याला घरात किंवा कामावर कुणीतरी सोडलेलं नसतं.

म्हणून वर्ग असा बांधा की गैरहजेरी पचेल. एक जाड वही वर्गातच ठेवा. रोज एक पान: आज काय झालं, एक सोडवलेलं उदाहरण, पानाच्या तळाशी दोन प्रश्न. ते पान तुम्ही लिहू नका, वर्गातल्या एकानं लिहायचं, पाळीपाळीनं. आठवड्यानं परत आलेला माणूस दहा मिनिटं आधी येऊन ती पानं वाचेल. आणि तुम्ही रात्र-रात्र जागून केलेली रेकॉर्डिंग फेकू नका! ती द्या गेट सांभाळणाऱ्या वॉचमनला, रात्रपाळीच्या कामगाराला, पोळ्या लाटणाऱ्या काकूंना. त्यांचे हात-डोळे अडकलेले असतात आणि कान मोकळे, एवढंच त्यामागचं कारण. कानांनी शिकणारे म्हणून नव्हे. व्हिडिओचंही तसंच, चुकलेल्या तासासाठी ठेवा. धडा मात्र सगळ्यांना एकच. बघून, बोलून, लिहून, हातानं करून, सगळंच थोडं थोडं. तुमची झोप वाचेल.

गृहपाठाचं म्हणाल, तर तो मी बंदच करायला सांगेन. त्याऐवजी वर्गाची पहिली दहा मिनिटं घ्या. पुस्तक बंद, वही उघडी. मागच्या वेळचं आठवतंय ते लिहा, मग आठवड्यापूर्वीचं एक गणित, मग महिन्यापूर्वीचं एक. लिहून झालं की पुस्तक उघडून स्वतःच तपासा. मी बघणार नाही, गुण नाहीत. हे दिसतं साधं, पण यात ताकद आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा मात्र आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. ज्याच्याकडे घरी वाचायला वेळ नाही त्याच्यासाठी याहून स्वस्त सोय मला माहीत नाही. फक्त पहिले दोन आठवडे सगळे कुरकुरतील, कारण आठवताना त्रास होतो आणि वाचताना होत नाही. त्यांना त्या प्रयोगाची गोष्ट सांगून टाका. मोठ्या माणसांना कारण सांगितलं की ती निम्मी वाट स्वतः चालतात.

अनुभवाबद्दल मी मघाशी स्वतःचीच फजिती सांगितली म्हणून तो टाळायचा असं समजू नका. माझ्या त्याच काळातल्या वर्गात एक सुतारकाका होते. फळ्यावर मी लिहिलं: एक द्वितीयांश अधिक तीन अष्टमांश. त्यांनी वर वर मिळवले, खाली खाली मिळवले आणि उत्तर काढलं, चार दशांश. शाळेत अर्धवट राहिलेलं गणित असंच असतं, चुकीचं पण घट्ट. मी काही बोलले नाही. त्यांच्या कानावरची पेन्सिल मागितली आणि बाकाच्या कडेवर अर्ध्या इंचाची खूण केली. "याच्यापुढे तीन सूत मोजा." त्यांनी मोजायचीही तसदी घेतली नाही. "अर्धा इंच म्हणजे चार सूत. अन् हे तीन. सात सूत झाले नं. यात काय इचारता?" मी खडू त्यांच्या हातात दिला. फळ्यावरच्या चार दशांशाकडे ते पाहतच राहिले. मग खालचे दोन खोडून आठ केले, वरच्या एकाचे चार केले. समच्छेद हा शब्द मी नंतर सांगितला. इंचाचे आठ सूत करणारा माणूस तीस वर्षं समच्छेदच करत होता.

असं करता आलं तर जरूर करा, पण दाराशी आलेलं घ्या, दार तोडून आत जाऊ नका. तुमच्या गवंड्याला विचारा, पाया आखताना कोपरा काटकोनात आहे हे गुण्या न लावता कसं बघता? एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजून तिरकं पाच येतं का ते दोरीनं बघतो, असं तो सांगेल. पायथागोरसचं प्रमेय त्याच्याकडून सगळ्यांना शिकू द्या. तेवढा वेळ तुम्ही बाकावर बसा. मराठीत पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आयते पडलेत, भाजी घेणाऱ्या बाईला अपूर्णांक नव्यानं शिकवायची गरज नाही, फक्त लिहायला शिकवायचंय.

पण अनुभव दगाही देतो, हे प्रशिक्षणात कुणी सांगत नाही. भिशीतलं कर्ज शेकडा दोननं घेणारी बाई "दोनच टक्के तर आहे" म्हणते. ते महिन्याचे असतात, वर्षाचे चोवीस होतात. सेल्समनला विचारा, हजाराच्या साडीवर आधी दहा टक्के वाढवले आणि मग दहा टक्के सूट दिली तर? "हजारच," असं पटकन येईल. अकराशेचे दहा टक्के एकशे दहा, म्हणजे नऊशे नव्वद. तिथं थांबा. हसू नका, त्यालाच पुन्हा करायला लावा.

इथून तुमचा तिसरा प्रश्न येतो. आईच्या वयाच्या बाईची चूक कशी दाखवायची? उभं करू नका, हा पहिला नियम. उत्तर सांगायला उभं राहायची सवय शाळेची आहे, पन्नाशीच्या बाईला त्यात फक्त जुनी भीती आठवते. लाल पेन ठेवून द्या. चुकलेल्या ओळीच्या समासात पेन्सिलीनं एक बारीक ठिपका द्या आणि पुढे चला. ठिपका दिसला की त्या स्वतः बघतील. बरोबर उत्तरालाही कधी कधी विचारा, "हे कसं केलंत ते सांगा नं," म्हणजे हा प्रश्न फक्त चुकलं की येतो असं होणार नाही. आणि भाषेवर हात टाकू नका. "मले नाही जमत" म्हणणाऱ्याला "मला" म्हणा असं मध्येच सांगू नका. आधी त्याचं गणित होऊ दे. पेपरात प्रमाण मराठी लागते ही वेगळी गोष्ट, ती निबंधाच्या तासाला, पेपरची भाषा म्हणून शिकवा.

हाक काय मारायची हेही विचारूनच ठरवा. तुम्ही "काकू" म्हणता ते आदरानं, मला कळतं. पण काही बायांना आयुष्यभर कुणाची तरी आई, कुणाची तरी सून, नाहीतर काकू याच नावानं हाक आलेली असते. वर्गाच्या हजेरीत स्वतःचं नाव मोठ्यानं ऐकणं त्यांना आवडतं. काहींना अजिबात आवडत नाही. दोन्ही बरोबर.

गट पाडायचेच नाहीत का, असं विचाराल तर पाडा, पण मुद्द्यापुरते. उद्या वर्गसमीकरणं घेणार असाल तर आधी दोन कंसांचा गुणाकार कुणाला येतो ते बघा. ज्यांना येत नाही ते अर्धा तास तेवढंच करतील, ज्यांना येतं त्यांच्यातला एक जण शिकवेल. कोणत्या बाकावर बसायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पुढच्या आठवड्यात मुद्दा बदलला की बाक बदलला. नवं काही शिकवताना एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा, दुसऱ्यातल्या शेवटच्या दोन पायऱ्या मोकळ्या सोडा, तिसरं त्यांचं. शाळेत तुम्ही हे करतच असाल. इथं पायऱ्या जरा जास्त ठेवा.

आणि मेसवाल्या काकूंना पुन्हा फोन करू नका, जा. दुपारची पंगत आटोपून चारच्या सुमाराला त्या मोकळ्या असतील. चिठ्ठीचा विषय त्यांनी काढला तर माफी मागा, नाही काढला तर तुम्हीही काढू नका. पुस्तक बरोबर नेऊ नका. शाळा कोणत्या धड्यावर सुटली ते विचारा, आणि चहा ठेवला तर घाईत आहे म्हणू नका.